उपाशीपोटी पाण्यात

आई, तू समुद्र कधी पाहिला नाहीस. हुसेनसागरच्या कडेने बस गेली की नाकाला पदर लावायचीस आणि म्हणायचीस, एवढं पाणी, पण प्यायला घोटभर नाही. तुझी नातही तू पाहिली नाहीस, तू गेल्यावर तीन वर्षांनी झाली ती. आता स्कॉटलंडमध्ये असते आणि समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपल्या मोजते. थट्टा नाही करत, खरंच हेच तिचं काम आहे. तिकडे समुद्राचे लांबच लांब फाटे डोंगरांमध्ये आत शिरलेत, त्यांना लॉख म्हणतात. वरच्या थरात डोंगरावरून आलेलं चहाच्या रंगाचं पाणी, खाली हिरवं खारं पाणी, आणि भर उन्हाळ्यातही गारठा असा की आपल्या फ्रीजमधली बाटली परवडली. पाठीवर हवेची टाकी, अंगात पाणी आत न येणारा जाड पोशाख, मनगटाला लिहायची पाटी, आणि सोबत एक जोडीदार. अशी आपली पोर उतरते. मी इकडे हैदराबादेत, कुकटपल्लीच्या सहाव्या मजल्यावर फोन मांडीत घेऊन बसते.

फोटो, व्हिडिओ पाठवते ती. चिखलात रोवलेल्या पिसांसारखे प्राणी, बिळातून डोळे बाहेर काढून बसलेले झिंगे. तिची लाडकी मात्र एक शिंपली. दोन शिंपांच्या फटीतून नारिंगी झालर बाहेर आलेली, चुलीतला जाळ हलावा तशी हलणारी. "आई, ये देख ना, ही घर बांधते," असं सांगताना तिचा आवाज चढतो. "खडे गोळा करते, स्वतःच्या धाग्यांनी बांधते. हजारो जणी एकमेकींना लागून. मग त्या घरांवर बाकीचे येऊन राहतात." एका ठिकाणची अशी सगळी वस्ती मासेमारीच्या लोखंडी जाळ्याने खरवडून नेली होती. ती परत उभी राहतेय का, हे ही मोजते. मला कौतुक वाटतं, खोटं कशाला बोलू? पण कौतुक वाटून झालं की घड्याळाकडे बघत बसते. पोहायला मीच नेलं होतं तिला सुट्टीत. हात दाखवून अवलक्षण.

आता तुझं सांगते. मी औषधांच्या कारखान्यात लागले तेव्हा तू एका शब्दाने अडवलं नाहीस. मलकपेठहून दोन बस बदलून मी दुपारपाळीला निघायचे, कपड्यांना वास घेऊन परत यायचे. तुला त्या पिंपांची, त्या वाफांची किती भीती वाटायची ते मला कधी कळलंच नाही. महिन्यातून एकदा तू म्हणायचीस, "पित्त झालंय, मला नको." मी चिडायचे. वेळेवर जेवत नाहीस म्हणून तुलाच बोलायचे आणि पित्ताच्या गोळ्या आणून द्यायचे. तू त्या मुकाट्याने घ्यायचीस. तुझ्या तेराव्याला शेजारच्या खाला येऊन बसल्या. तुम्ही दोघी गच्चीवर चंद्र बघायचात, त्या रमजानचा आणि तू चतुर्थीचा. त्या म्हणाल्या, "तुम्हारे अम्मा तुम्हारे वास्ते उपास रखते थे बेटी, हर महिने. तुमकू मालूम नै?" आपल्या घरात चतुर्थी कधी कुणी धरलेली नव्हती, मला कसं मालूम असणार? मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? "नै बोलते थे. बोलते, बच्चे को बोले तो उसके पाँव बंध जाते." मी त्या दिवशी कपाटातली त्या गोळ्यांची उरलेली पाकिटं काढली आणि खूप रडले.

एवढं सगळं माहीत असून मी काय करावं? लेक पहिल्यांदा लॉखमध्ये उतरली त्या महिन्यापासून मीही चतुर्थी धरली. आणि तिसऱ्याच महिन्यात तिला सांगून टाकलं. ती फोनवर उद्याच्या बुडीचं सांगत होती, मी म्हटलं, "तू खाली जा बाई खुशाल. मी आहेच इथे तुझ्यासाठी उपाशी." ती शिंपल्यांवर काहीतरी बोलली आणि फोन ठेवला.

पुढच्या चतुर्थीला तिनेही उपास धरला, मला न सांगता. अर्धवट माहितीचं पोर, साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात, हेही ठाऊक नाही. सकाळपासून नुसता काळा चहा. सोडायचा कधी, तर हैदराबादेत चंद्र उगवेल तेव्हा, म्हणजे तिच्याकडे संध्याकाळी पाचला, माझ्या घासाबरोबर घास. आणि दुपारी अडीचला ती पाण्यात. तळाशी गेल्यावर हातांची बोटं कळेनाशी झाली. पाटीवर एकच आकडा तीनदा लिहिला. जोडीदाराने ते पाहिलं, तिचा दंड धरला आणि टप्प्याटप्प्याने वर आणलं. नावेवर ओठ निळे, दात वाजतायत, स्वतःचं नाव सांगता येईना. गरम गोड पाणी पाजलं. त्यांच्या प्रमुख बाईंनी विचारलं, सकाळी काय खाल्लं होतंस? उपाशीपोटी पाण्यात उतरायचं नाही, हा त्यांचा अगदी साधा नियम. तो सगळा मोसम तिला नावेवरच बसवलं, दुसऱ्यांच्या पाट्या उतरवून घ्यायला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मला हे आठ दिवसांनी कळलं. मी ओरडले, "कुणी सांगितलं होतं तुला?" तर म्हणते, "तू वहाँ भूकी बैठणार आणि मी इथं टोस्ट खाऊ? कसंतरीच वाटतं ना, आई." आणि रडायला लागली. जिवावर बेतलं होतं त्याचं तिला काही नव्हतं. मोजणी अर्धी राहिली, याचं रडू. जाळं कुणी पुन्हा ओढलं तर दाखवायला आकडे नाहीत, म्हणाली.

यंदा तिला पुन्हा उतरू देतात. चतुर्थी मी सोडली, तिच्या शपथेवर सोडली. दर चतुर्थीला ती फोनवर ताट दाखवते, मी माझं दाखवते, दोघीही तोंडात घास घालून दाखवतो. फोन बंद झाल्यावर ती काय करते, मला माहीत नाही. तुझ्याजवळ निदान भूक होती गं. दिवसभर काहीतरी करतेय असं तुला वाटत असेल. माझ्याजवळ तेही राहिलं नाही. ती खाली असते तेवढा वेळ मी भरल्या पोटाने बसते. पंखा लावते, बंद करते. "वर आले" असा निरोप आला की उठते आणि भांडी घासते.

एक सांगायचं राहिलं, त्यासाठीच बसलेय खरं तर. मी चतुर्थी सोडली तेव्हा ती मला म्हणाली होती, "सॉरी आई, माझ्यामुळे तुझा उपास मोडला." मी म्हटलं, जाऊ दे. तिला वाटतं, मी तिच्यासाठी उपाशी आहे हे माझ्या तोंडून सहज निघून गेलं. सहज नव्हतं. दोन दिवस ठरवत होते मी कसं सांगायचं ते. तिच्या पोटात तुटावं, तिने टाकी खाली ठेवावी आणि घरी यावं, म्हणून मी ते सांगितलं होतं. तिने टाकी ठेवली नाही, माझ्याबरोबर उपाशी राहिली. आणि वर तिनेच माझी माफी मागितली. ती मी घेतली, आई. अजून परत केलेली नाही. हा कागद तुझ्यापर्यंत येणार नाही, आणि उद्या तिच्या हाती लागला तरी तिला मराठी धड वाचता येत नाही. याचं मला इतकी वर्षं वाईट वाटायचं. आज बरं वाटतंय.