पुढचा दात आणि लग्नसराई

२२ जानेवारी २००७
पुढचा वरचा दात काढला. मुळातच चिरलेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, आत्ताच खड्ड्यात हाडाची पावडर भरून टाके घालू, म्हंजे हाड झिजणार न्हाय आणि पुढं स्क्रूचा पक्का दात बसंल. पण टाके असेपर्यंत फुंकायचं बंद! म्हटलं, बाई, मी बँडचा मेन क्लॅरिनेट. माझ्याशिवाय वरात म्हंजे नुसता ढोल. सीझन संपू दे. हाड काय पळून जातंय व्हय?

११ फेब्रुवारी
कुरुंदवाडची वरात. काढायघालायचा नवा दात वरच्या सुरात सुटला, तो थेट नवरदेवाच्या घोड्याखाली. ज्ञानूनं गाणं सांभाळलं. दोन नंबरचा क्लॅरिनेट. बरा वाजवतो, पण जीव न्हाय.

१८ मार्च
डॉक्टरबाई म्हणाल्या, हिरडी भरलीय, आता तरी पावडर घालूया, अजून वेळ गेली न्हाय. तोंडावर 'हो' आलं होतं. पण रजा टाकली की ज्ञानू माझ्या जागेवर. एकदा बसला की उठवणार कोण? मे संपू दे.

२ मे
बिनदाताचाच वाजवतोय. फटीतून हवा मोकळी जाते, आवाजाला गोडवा आलाय. बायको अक्काताई म्हणते, अवो, नुसती फुसफुस ऐकू येतीया, दवाखान्यात जावा की. अक्काताईला सुरातलं काय कळतंय!

१० जुलै
उद्या नक्की जाणार होतो. तेवढ्यात बँडचे मालक गणपतरावांनी गणपतीची प्रॅक्टिस लावली. ज्ञानू रोज येतो. मी न्हाय गेलो तर? भ्या वाटतंय, हितं लिहायला काय लाज. गणपती झाले की पहिलं काम दाताचं.

१९ ऑक्टोबर
गेलतो. एक्स-रे बघून डॉक्टरबाईंनी तो माझ्यापुढं धरला. मग म्हणाल्या, हाड पार बारीक झालंय. आता पावडरनं भागत न्हाय. हनुवटीतला हाडाचा तुकडा काढून तिथं लावायचा, मग सहा महिने थांबायचं, मग स्क्रू. तेव्हाच केलं असतं तर आज दात असता. म्हंजे ही लग्नसराई पण गेली! बाईंना पहिल्यापासून घाई फार. 'नकोच' म्हणून घरी आलो. दात नसला तरी कला कुठं जात न्हाय.

२५ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न झालं, सीझनची पहिली वरात आजऱ्यात. मालकांनी ज्ञानूला पुढं उभा केला. मला मागच्या रांगेत, हातात खुळखुळा. म्हणाले, पिराजी, तू जुना माणूस, तुला घालवणार न्हाय. ह्याला दात लागत न्हाय बघ.
ज्ञानूनं माझंच गाणं धरलं. लई चांगलं वाजवलं की. रडू आवरंना, पण ताल चुकू नये म्हणून हलवत ऱ्हायलो.