झाकणावरचं हिरवं ओके

२ मे, शुक्रवार

नोकरीचा पहिला दिवस. ट्रेनी क्वालिटी इंजिनियर. पत्रात 'ट्रेनी' हा शब्द आधी आलाय, पण तो तात्पुरता आहे.

नंदुरबारबाहेरची मोठी शेड. इथं पाठीवर घ्यायचे फवारणीचे बॅटरी पंप जुळवतात. ऑगस्टअखेर प्रोबेशन संपेल, मग पर्मनंट. दोन वर्षांत क्वालिटी हेड, पाचव्या वर्षी पुण्यात रिलायबिलिटी इंजिनियर, सातव्या वर्षी जर्मनी. नानांना एवढं सगळं सांगितलं नाही. तरी त्यांनी म्हसावदला पारावर जाहीर करून टाकलंय की सुकलालची कामिनी साहेब झाली. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हटल्यावर एवढं सोसावंच लागतं.

संकल्प: कोणावरही विश्वास ठेवायचा नाही. पाच वाजता उठून क्वालिटीचं पुस्तक रोज दहा पानं वाचायचं.

५ मे, सोमवार

सात वाजता उठले. रूम पार्टनर रिना पंखा पाचवर ठेवते, त्याने झोप जास्त लागते.

मोठा शोध. टाकीच्या झाकणाला मधोमध बारीक भोक आहे. एका नाही, सगळ्या झाकणांना! आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही. पुरवठादाराला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, ते भोक असतंच." चूक सापडल्यावर सगळे असंच म्हणतात. फिटर दोधू आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "पहिल्यापासून शे." का आहे? "ते माले काय माहीत? मी काय भोक पाडाले जास का?"

दोघांची उत्तरं जुळतात. संशयास्पद.

१९ मे, सोमवार

माझी पहिली सुधारणा मंजूर. आतापर्यंत 'तपासले, ओके' हा स्टिकर टाकीच्या बुडाशी लागायचा. तिथं कोण बघतं? आता तो झाकणावर, अगदी मधोमध. हिरवा, गोल, वर माझी सही. गिऱ्हाइकाची नजर पहिली तिथंच जाते. शिवाय ते भोकही झाकलं जातं.

मालक हेमकांतभाईंनी एकच विचारलं, "खर्च नाही ना बेन? मग कर."

नव्या स्टिकरचा पहिला पंप मी स्टाफच्या भावात घेऊन नानांना पाठवला. संध्याकाळी मायचा फोन. नाना पंप घेऊन गल्लीत चार घरी जाऊन आले. औषध मारायला नाही, सही दाखवायला.

८ जुलै, मंगळवार

पहिली तक्रार. खापर गावचे दुकानदार करमसिंग. पंप चालू होतो, थोड्या वेळाने धार बारीक होते, मग बंद. त्यांच्या शब्दांत, "रडतो."

दुपारपर्यंत आणखी तीन ठिकाणांहून तेच. एकाच दिवशी, एकच तक्रार. ठरवून केल्यासारखी.

१० जुलै, गुरुवार

परत आलेले पंप तपासले. झाकण उघडून टाकीत पाण्याचा पाइप सोडला, अर्धा तास चालवले. धार एकदम खणखणीत. एकही पंप रडला नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं: दोष आढळला नाही.

म्हणजे शेतात रडतो आणि माझ्यासमोर हसतो. पंपाला एवढी अक्कल नसते. यामागे माणूस आहे.

पुस्तकात 'पाच वेळा का' ही पद्धत दिली आहे. एकामागून एक पाच वेळा 'का' विचारलं की मूळ कारण सापडतं. दोधू आप्पांवर वापरली. पहिल्या 'का'ला ते म्हणाले बॅटरी चायनाची शे. दुसऱ्याला म्हणाले, सगळंच चायनाचं शे. तिसऱ्याला माझ्याकडे बघितलं. चौथ्याला तंबाखू मळायला बाहेर गेले.

पाचव्या 'का'ला कोण घाबरतं, हे समजायला पुस्तक लागत नाही.

१३ जुलै, रविवार

नानांना फोन. आपला पंप कसा चालतो? "मस्त चालस. दर येळले झाकन दिखस, तुन्ही सही दिखस."

हा घ्या पुरावा. तोच लॉट, तोच स्टिकर, आणि म्हसावदमध्ये एकही तक्रार नाही. पंप चांगला आहे. लोक वाईट आहेत.

१७ जुलै, गुरुवार

वेश बदलून खापरला गेले. वेश म्हणजे रिनाची ओढणी डोक्यावरून. करमसिंगच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभी राहिले आणि सहज विचारलं, बॅटरी पंप कोणता चांगला? माझा अंदाज होता, तो दुसऱ्या कंपनीचा पुढे करेल. तो म्हणाला, "ताई, गळ्यातलं कार्ड आत घाला आधी. मग सांगतो."

पुढचं संभाषण अधिकृत पातळीवर झालं. त्याने चहा पाजला. चहा कशासाठी पाजला असेल?

तिथं आणखी आठ परत आलेले पंप होते. बारकाईने पाहिलं. आठही झाकणांवर माझा स्टिकर जागच्या जागी, एक कोपराही सुटलेला नाही. करमसिंग म्हणाला, काही लोकांनी घरी नेताच स्टिकर खरवडून काढला, ते कोणी परत आले नाहीत.

नोंद: आपला गोंद उत्तम आहे. स्टिकर खरवडणारे लोक बेशिस्त, पण नशीबवान.

२२ जुलै, मंगळवार

आता संशय एकाच माणसावर. दोधू आप्पा दिवसभर शिट्टी वाजवतात. मन साफ असलेला माणूस इतका वेळ शिट्टी वाजवू शकत नाही. शिवाय मी जवळ गेले की शिट्टी थांबते.

कारणही आहे. मी येण्याआधी पंप तेच बघायचे आणि तेच पास करायचे.

रिपोर्ट दिला. 'जुळणीत मानवी हस्तक्षेपाची शक्यता.' नाव लिहिलं नाही. पण जुळणीला आमच्याकडे एकच मानव आहे.

२४ जुलै, गुरुवार

दोधू आप्पांना पॅकिंगला टाकलं. जाताना मला म्हणाले, "मॅडम, तुमनं पुस्तक वाची झायं का? वाची झायं का माले द्या. खोक्या भराले कागद लागस."

हा टोमणा होता की धमकी, ठरवता आलं नाही.

पुस्तक वाचून झालेलं नाही. पान अठरा.

२९ जुलै, मंगळवार

तक्रारी चालूच. नवा फिटर वीरसिंगही मिळालेला असू शकतो. तो शिट्टी वाजवत नाही, हेच जास्त संशयास्पद.

स्टोअर रिनाकडे आहे. तिला सहज विचारलं, स्टोअरची चावी जेवताना कुठं असते? ती म्हणाली, "कामे, तुझ्याच डब्यातली भाजी खाते मी रोज, चावी माझ्या कमरेलाच असते. तूच बघ कुठं काय कट शिजतोय ते." कट हा शब्द मी वापरलाच नव्हता.

३ ऑगस्ट, रविवार

घरी आले. हे जसं घडलं तसं लिहिते आहे.

नाना कपाशीत औषध मारत होते. मी बांधावर. मोबाइलवर शूटिंग सुरू केलं, समाधानी शेतकरी म्हणून हेमकांतभाईंना दाखवायला. ओळीच्या टोकाला धार बारीक झाली. नानांनी पंप उतरवला, झाकण फिरवलं. फुस्स. टाकीचे गाल आत गेले होते, ते फट्‌दिशी बाहेर आले. झाकण लावलं, पंप पाठीवर, पुढची ओळ.

विचारलं, हे कधीपासून? "पहिल्या दिनपासून." मग मला फोनवर मस्त चालतो म्हणून का सांगितलं? "मस्तच चालस ना. जराखा दम टाकस. माणूसले दम लागस, पंपले लागाव नही का?"

मला आधी औषधाचा संशय आला. मग विहिरीच्या पाण्याचा. थोडा नानांचाही. मग मी नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. पंप सलग चालला. दाबून बसवला, रडला. पुन्हा उचलला, चालला. नाना ओरडले, "ए, कसाले काढी ऱ्हायनी? ऱ्हाऊ दे! तुन्ही सही शे त्यावर." कोपरा परत दाबून टाकला.

पंप का थांबतो? टाकीत हवा जात नाही. का? भोक बंद आहे. का? वर स्टिकर आहे. का? भोक म्हणजे दोष वाटला. तो का वाटला?

माय जेवायला हाका मारत होती.

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला एकाहत्तर मार्क होते.

४ ऑगस्ट, सोमवार

स्टिकर टाकीच्या बाजूला हलवला. गोदामातल्या पंपांवरचेही काढून घेतले. कारण विचारलं तर 'दिसायला बरं'. कोणी विचारलं नाही.

सांगणार आहेच. पण सांगण्याची एक वेळ असते. आधी तक्रारी थांबल्या पाहिजेत, म्हणजे आकडे हातात असतील. आकड्यांशिवाय बोलणं हे क्वालिटीच्या तत्त्वात बसत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

या आठवड्यात एकच तक्रार, जुन्या लॉटची. आकडे पुरेसे आहेत का? अजून थोडे हवेत.

सगळ्यांना कळलं आहे असं वाटतं. रिना आज झाकणाकडे बघून हसली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, झाकणात तिचं तोंड जाड दिसतं. वीरसिंगने झाकणात फुंकर मारली. धूळ होती म्हणे. पॅकिंगमधून शिट्टी ऐकू येते, जुन्याच चालीत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

हेमकांतभाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. बेनने बरोबर माणूस पकडला, तो हलला आणि माल परत यायचा थांबला, असं म्हणाले. मग मला आत बोलावलं. माझं पर्मनंटचं पत्र टाइप झालं आहे. आणि दोधू आप्पांना महिनाअखेर हिशोब देऊन मोकळं करणार आहेत.

मी म्हणाले, "थँक यू, सर."

उद्या पोळा. घरी जाणार होते. नाही जात. पारावर काय सांगू?

२३ ऑगस्ट, शनिवार

सांगितलं. स्लाइड्स केल्या होत्या, एकूण सोळा. लॅपटॉप उघडेपर्यंत धीर राहिला नाही, झाकणच टेबलावर ठेवलं.

हेमकांतभाईंनी ते उचललं, भोकातून माझ्याकडे बघितलं. "बेन, हे भोक पहिल्यापासून होतं ना?" हो. "बंद कुणी केलं?" मी. "आणि पंप तपासले कुणी?" मीच. "झाकण उघडं ठेवून?"

त्यांनी चहा मागवला. एकच.

पत्र खणात परत गेलं. प्रोबेशन दिवाळीपर्यंत वाढवलं. तोवर कंपनीच्या टेम्पोतून गावोगाव जाऊन विकलेल्या प्रत्येक पंपावरचा माझा स्टिकर मी स्वतः काढायचा. दोधू आप्पांना मोकळं करणं रद्द; रस्ते माहीत आहेत म्हणून तेच सोबत.

आप्पांची माफी मागितली. ते म्हणाले, "आखो चार दिन थांबी जाती तं काय व्हतं, ताई? पॅकिंगमा पंखा शे, खुर्ची शे." मग मी महिनाअखेरचं सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. खोक्यात कागद कोंबू लागले, शिट्टी न वाजवता.

२ सप्टेंबर, मंगळवार

स्टिकर मोहीम. गोंद खरंच उत्तम आहे. नखं गेली.

खापरला करमसिंग म्हणाला, "ताई, आज ओढणी नाही?" दोधू आप्पांनी हे पुढच्या प्रत्येक गावात सांगितलं. माझ्या रिपोर्टपेक्षा हे खरं आहे.

टेम्पोत दोनदा मागे वळून बघितलं, तीच मोटारसायकल मागे होती. आप्पा म्हणाले, तो दूधवाला शे.

७ सप्टेंबर, रविवार

शेवटचा पंप. म्हसावद, मालक सुकलाल पाटील.

नानांना सगळं सांगितलं, पर्मनंट झाले नाही तेही. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बठ्ठं खरं. पण इस्टिकर काढानं नही." मी म्हटलं, कंपनीचा हुकूम आहे. "कंपनीना पंप शे का मन्हा?" शेवटी मायने गोणी शिवायचं दाभण आणलं आणि माझ्या सहीच्या बरोबर मधून आरपार घातलं.

मनात आलं, स्टिकर वर लावण्याची कल्पना तशी चुकीची नव्हतीच. फक्त भोक हवं होतं. हे मोठ्याने बोलले. दोधू आप्पा बांधावर भाकरी खात बसले होते. ते म्हणाले, "व्हतंच ना, ताई."

पंप सलग चालला. तरी ओळीच्या टोकाला नानांनी तो उतरवला आणि झाकण उघडलं. मी धावत गेले. अजून रडतो? स्टिकर सरकला? दाभण आरपार गेलं नाही? टाकी बघितली, गाल ठीक. मग का उघडलं?

नाना बांधावर टेकले. म्हणाले, "पंपले नही वं. माले दम लागस."

उरलेल्या ओळी मी मारते म्हटलं. टाकी भरली, झाकण घट्ट लावलं, पंप पाठीवर घेतला.

अर्ध्या ओळीत पंप उतरवून मीही झाकण उघडलं. टाकीचे गाल ठीक होते.