अर्धा तास प्रभूचा

मुरुड, गुरुवार, ३ फेब्रुवारी १९३८

आजही नाही! नाताळात निश्चय केला होता – रोज पहाटे अर्धा तास प्रभूचा. गुडघे टेकले, "हे प्रभू" म्हटलं, तोच दार वाजलं. बाई अडली होती. धावले. मुलगी झाली, चांगली ठणठणीत! माझी प्रार्थना मात्र "हे प्रभू"वरच राहिली.

शुक्रवार, ४

गुडघ्यांवरच झोप लागली. कंपाउंडर हणमंतरावांच्या हाकेनं जाग आली.

रविवार, ६

उपासनेनंतर चर्चच्या पाळकांनी विचारलं, "नर्सबाई, एकांतात बसता ना रोज?" मी मान हलवली. होकाराची! देवळात खोटं बोलले! घरी येऊन रडले. मग मिशनच्या मडमसाहेबांना अर्ज लिहिला – मला जालन्याच्या मुलींच्या बोर्डिंगात पाठवा. तिथे प्रार्थनेची घंटा होते, कुणी दार वाजवत नाही. उद्या टपालात टाकणार.

सोमवार, ७

कसलं टपाल! दवाखान्यात ही रांग. आमचा रिवाज असा, की आधी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, मग औषध. आज गर्दी पाहून प्रार्थना गाळली नि सरळ बाटल्या दिल्या. खोकल्याची म्हातारी नागाबाई दारातून परत आली.

"बाई, हे औषध कच्चं हाय. तुम्ही डोळे मिटले न्हाईत."

म्हटलं, अगं, औषध तेच आहे.

"मग गेल्या टायमाला गुण कशानं आला?"

झालं! सगळ्यांनी बाटल्या परत आणल्या. मला प्रार्थना करावीच लागली. आमेन म्हणताना हसूच आवरेना.

मंगळवार, ८

पहाटे मला कुणी प्रार्थनेला बसू देत नाही, असं काल नागाबाईला बोलले होते. आज पहाटेच ती माझ्या दारात ठाण मांडून, येईल त्याला सांगतेय, "बाई देवाशी बोलून राहिल्या. कोणी मरून राहिलं का? न्हाई? मग गप बसा!" तिचाच आवाज इतका मोठा, की प्रार्थना कुठली सुचायला! तरी दहा मिनिटं मिळाली.

शुक्रवार, ११

सडकून ताप. वेळच वेळ आहे, आणि प्रार्थनेचा एक शब्द सुचत नाही. फार वाईट वाटतं.

शनिवार, १२

सकाळी नागाबाई उशाशी येऊन बसली. डोक्यावर पदर घेतला, डोळे घट्ट मिटले.

"बाईच्या देवा, मी नागाबाई, खोकलेवाली. बाई आज येत न्हाईत, तापानं पडल्यात. रोज त्या आमचं सांगतेत, आज त्यांचं मी सांगून राहिले. लई राबतेत. जरा बघ."

मग एक डोळा उघडून मला म्हणाली, "आता तुमचं ते शेवटचं म्हणा."

आमेन म्हटलं. जालन्याला कोण जातंय आता!