आप्पांनी बसवलेला कॅरिअर

२३ नोव्हेंबर, रविवार
आज पुन्हा तिघांनी सायकल उचलून पाहिली. आमच्याकडे पाहुणा आला की आधी चहा, मग सायकल. एक हात दांडीला, एक सीटला, उचलायची, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "कितली जड शे व माय! लोखंड शे का काय?" हो, लोखंडच आहे. डोक्यावर घेऊन जायची आहे का?

तिसरे पाटील सर. मी शिकवते त्या शाळेतले क्रीडाशिक्षक. त्यांची नवी ॲल्युमिनियमची, शॉकअपवाली. माझ्या सायकलचं नाव त्यांनी 'रेल्वेचा रूळ' ठेवलंय. मी सोडते होय. म्हटलं, सर, राणीपूरच्या पुढे चढाला या, मग बोलू. स्टीलची नळी लवते. अर्धा खड्डा स्वतः खाते, अर्धाच मला देते. आणि मोडली तर म्हसावदच्या चौकात कुणीही वेल्डिंग करून देईल. तुमची मोडली तर घेऊन बसा सुरतची गाडी.

अंगणात उभी राहून मोठ्याने बोलले हे. सासरे, आप्पा, ओट्यावर पाठ करून बसले होते.

२६ नोव्हेंबर, बुधवार
आप्पांची मोटरसायकलची किल्ली लपवल्यापासून घरात सुख नाही. कालव्याच्या पाटचारीजवळ गवताच्या भाऱ्यासकट आडवे झाले, गुडघा सुजला. तेव्हा योगेशने किल्ली काढून घेतली. मुलगा म्हणून माझ्या नवऱ्याचं बरोबर आहे. पण तो सकाळी ठिबकच्या नळ्या विकायला गावोगाव जातो. दिवसभर आप्पांसमोर वावरायचं असतं ते आम्हाला. शेत दीड किलोमीटर. "पायी जाऊ काय मी? गाव काय म्हनी?" म्हणून जातच नाहीत. शेळीला शिव्या, टीव्हीला शिव्या.

मला नाही देत. देणार कशा? या घरात सासरे-सून समोरासमोर बोलत नाहीत. लग्नाला नऊ वर्षं झाली. काही सांगायचं असलं की आप्पा म्हशीला सांगतात. "चहामा साखर कमी शे." म्हैस काय करणार? मी साखर टाकते. मला काही सांगायचं असलं की मी बाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगते आणि त्या ते ओरडून पुढे ढकलतात, आप्पा दोन हातांवर बसलेले असले तरी.

आज वाऱ्याने सायकल निंबाखाली पडली. ब्रेकची मूठ वाकली. मी चिडून बाईंना म्हटलं, हिला स्टँड नाही तर टेकवू कुठे, कपाळावर?

३० नोव्हेंबर, रविवार
आज आधी हे लिहिते.

काल माहेरी विसरवाडीला गेले होते, आज दुपारी आले. सायकल अंगणात उभी. टेकवलेली नाही, उभी. स्टँडवर! आणि मागे कॅरिअर. दूधवाल्याच्या सायकलीला असतो तसला. स्क्रूने बसवलेला नाही. वेल्डिंग केलेला. डाग दिसू नयेत म्हणून वर ट्रॅक्टरचा लाल रंग. माझ्या हिरव्या सायकलीवर!

आप्पांनी सकाळी हातात धरून चौकात नेली. भिला ट्रॉलीवाल्याकडे. तो ट्रॉल्यांचे सांगाडे जोडतो, तोच जाड रॉड याला लावला. सायकलच्या नळ्या टोकाला जाड आणि मध्ये पातळ असतात, मध्ये पापडच. जड जड म्हणून नावं ठेवणाऱ्यांना हे कोण सांगणार. आणि भिलाला तरी कोण सांगणार.

बी.एड.ला नाशकात होते तेव्हा जुनी घेतलेली. शिकवण्या घेऊन. माझी एकटीची म्हणावी अशी घरात ही एकच वस्तू.

बाई कौतुकाने म्हणाल्या, "तूच म्हने ना, कोठे बी वेल्डिंग व्हस? तेस्नी ऐकं. तुले स्टँड पाहिजे व्हतं ना?"

माझेच शब्द. आता कुणाला बोलू? भिंतीला?
आप्पा ओट्यावर. माझ्याकडे न बघता बघत होते, मी खूश झाले का ते. मी आत निघून आले.

२ डिसेंबर, मंगळवार
आता कळलं कॅरिअर कुणासाठी. पहाटे आप्पा सायकल घेऊन शेतात गेले. साडेनऊला गवताचा भारा मागे बांधून हजर. धोतर गुडघ्यापर्यंत गवताने हिरवं. गुडघा काही दुखत नाही म्हणे.

मला दहाला शाळेसाठी निघायचं. सीट खाली केलेली, माझे गुडघे हनुवटीला. आता रोज उठून सीट वर करायची. गिअर सगळ्यात जड. बाकीचे गिअर त्यांच्या मते शोभेचे. दांडीवर चिखल. ब्रेकच्या वायरला कडबा.

योगेशला म्हटलं, बोल तुझ्या वडिलांशी. तो म्हणे, "किल्ली मी लपाडी, शिव्या मी खाद्यात. आते सायकलनं तू देख." वा.

७ डिसेंबर, रविवार
आप्पा शेजाऱ्यांच्या पिकअपमधून सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आले. लोक घोडे बघतात, यांनी घुंगरमाळ आणली. वासराच्या गळ्यातली. सायकलीच्या हँडलला बांधली. घंटी नव्हती ना.
आता मी शाळेत येतेय हे राणीपूरच्या फाट्यापासून कळतं. पाटील सर म्हणाले, "रुळावर गाडी आली वाटतं." हसले. मीही हसले, मेलं हसू आवरेना.

खरं लिहायचं तर आप्पा बदललेत. शिव्या बंद. दोन भाकरी खातात. काल संध्याकाळी सायकलची चेन पुसत बसले होते, गोडेतेल लावून. गोडेतेल! धूळ चिकटून काळा लगदा झाला. मी रॉकेलने धुतली.

११ डिसेंबर, गुरुवार
आज सीट मी ठेवली होती तिथेच होती. तेवढी तरी अक्कल आली म्हणायची.
पण मागचं चाक बसलेलं. पंप मारून निघायला उशीर झाला, मुख्याध्यापक घड्याळ बघत दारात उभे.

१२ डिसेंबर, शुक्रवार
पुन्हा हवा नाही. पंप सापडेना. काळीपिवळी जीपमधून गेले, चौदा जणांत.
संध्याकाळी ट्यूब काढली, घमेल्यात पाणी घेऊन बुडवली. एक बुडबुडा नाही. परत बुडवली. नाही. माझे वडील हायवेवर टायरचं दुकान चालवायचे. ट्रकची ट्यूब मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून बुडवतेय. मला पंक्चर सापडत नाही म्हणजे काय?
आप्पा ओट्यावरून बघत होते. म्हशीला म्हणाले, "राहू दे आते. दोन दिन गाडीवर जाय." म्हशीने कुठे जायचंय गाडीवर?

१५ डिसेंबर, सोमवार
काल नवी ट्यूब टाकली. सकाळी चाक बसलेलं.
रिम तपासली. टायरच्या आतून बोट फिरवलं, काटा नाही, तार नाही. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "हवेचा वॉल बघ." वॉल चांगला. मग म्हणाले, "घरात कुणी काढतं का बघ." म्हटलं, बाबा, माझ्या घरात लहान मूल नाही. नसलेल्याचं दुःख वेगळंच, पण निदान हवा काढायला तरी कुणी नाही.
गंमत म्हणजे आप्पांना काही अडत नाही. ते पहाटे नेतात, आणतात. माझ्याच वेळेला चाक बसतं. सायकलसुद्धा सासरची झाली.
गवत आणत नाहीत मात्र हल्ली. कॅरिअर रिकामा. हौस फिटली असेल.

२० डिसेंबर, शनिवार
आज शाळा अर्धी. सायकल उलटी केली, म्हटलं एकदाचं काय ते बघू. चाक काढलं. तेव्हा दिसलं.
सीटच्या नळीवर, कॅरिअरच्या वेल्डिंगला लागून, लाल रंगात केसासारखी रेघ. नखाने रंग खरवडला. रेघ रंगाची नव्हती. नळीच तडकली आहे. अर्ध्या घेरापर्यंत.
पाटचारीचा उतार, बाजूला काँक्रीट. आप्पा रोज पहाटे तिथूनच जातात. सत्तरीचा माणूस. एकदा पडून झालंय.

भिलाला दाखवायला नेली, चालवत नाही, हाताने. तो म्हणाला, "ताई, हाई नळी शे का पापड? पट्टी मारी देस जाड, काही व्हनार नई." पट्टीच्या कडेला पुन्हा तडकेल हे मला कळतं. नाशिकच्या सायकलच्या दुकानदाराला फोटो पाठवला. तो म्हणतो, स्टील आहे म्हणून वाचेल, ती एक नळी बदलून देऊ. ॲल्युमिनियम असती तर भंगारात गेली असती. पण पाठवा इकडे, महिना तरी लागेल.

महिना. म्हणजे आप्पा पुन्हा ओट्यावर. किल्ली लपवली त्या दिवशी ते जेवले नव्हते, भिंतीकडे तोंड करून झोपले होते. ते मला पुन्हा बघायचं नाही. आणि त्यांना पाटचारीत पडलेलंही बघायचं नाही. सगळा राग आहे तो आहेच, पण भीती त्याच्यापेक्षा मोठी आहे.

योगेश: "साखळी लाव, कुलूप लाव." याला कुलपाशिवाय काही सुचत नाही.
बाई: "मी नई सांगाव. मन्हावर खवळतीन. तूच सांग."
मी? कसं?

२१ डिसेंबर, रविवार
पहाटे उठून अंगणात गेले. आप्पा सायकल काढत होते. घुंगरं वाजली. बाई गोठ्यात.
आधी म्हशीला सांगून पाहिलं. खरंच. म्हशीकडे बघून म्हटलं, "सायकलच्या नळीला तडा गेलाय. नेऊ नये." म्हशीने कान हलवला. आप्पांनी तंबाखू मळली आणि हँडल धरलं.
मग काय झालं मला कळलं नाही. आडवी गेले. पदर खांद्यावर होता, डोक्यावर नव्हता. म्हटलं, "आप्पा, मी तुमच्याशी बोलतेय. सायकल नेऊ नका. मोडेल."
ते थांबले. माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ.
"माले ठाऊक शे."
"काय?"
"भारा लई येऊ ऱ्हायंतू, तव्हय कट्ट वाजनं. तठेच देखं मी. तव्हयपाशी बठना नई तिनावर. धरीसन चालस."
म्हणजे सीट त्यामुळे जागच्या जागी. म्हणजे रोज दीड किलोमीटर जाताना, दीड येताना, दुखऱ्या गुडघ्याने सायकल हातात धरून, घुंगरं वाजवत. गाव बघतंय की आप्पा सायकल घेऊन चाललेत. नुसते पायी नाहीत.
"मग सांगितलं का नाही?"
"कोनले सांगू? योगाले सांगतू ते तो हिले बी कुलूप लावता."
"आणि मी? मी रोज बसते तिच्यावर! मला काही झालं असतं तर?"
आप्पांनी मान खाली घातली. मागच्या चाकाकडे बघत म्हणाले, "मंग हवा कोन काढे रोज?"

मला इतका राग आला. दोन ट्यूबा, घमेलं, वडिलांना फोन, काळीपिवळीतली कोंबाकोंबी, मु.अ.चं घड्याळ. आणि हा माणूस ओट्यावर बसून सगळं बघत होता. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं! मी तेच म्हटलं, मोठ्याने. "तोंडाने सांगता येत नव्हतं का?"
ते म्हणाले, "तूबी कोठे बोलनी व माय, कॅरिअर बशाडा तव्हय? डोळा लाल करीसन घरमा चालनी गयी."
रडू आलं, तेही रागातच.
बाई गोठ्याच्या दारात चरवी घेऊन उभ्या. दूध सांडत होतं, त्यांना भान नाही.

२२ डिसेंबर, सोमवार
नाशिकला पाठवायची की भिलाकडून पट्टी मारायची, ठरलेलं नाही. आप्पा म्हणाले, "सायकल तुन्ही शे, तू सांगशी तसं." असं म्हणून माझ्या गळ्यात टाकून मोकळे. पाठवली तर महिनाभर ते कुठे बघत बसतील? पट्टी मारली तर मी रोज पहाटे कुठे बघत बसू? सायकल नाशिकला नेणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करायला दोनदा मोबाईल घेतला, दोनदा ठेवला.
पहाटे घुंगरं वाजत गेली. हळू, चालत्या माणसाच्या गतीने. साडेनऊला परत आली. मी बाहेर जाऊन मागचं चाक दाबून पाहिलं. टणक. हवा भरून ठेवलेली.
मी काळीपिवळीनेच जाणार होते, त्यांनाही ते माहीत होतं. तरी भरली.
चहा नेऊन दिला. म्हैस समोरच होती. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "साखर कमी शे."