चौतीस अंडी

१४ मार्च

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार. तुमचे गुडघे आता बरे आहेत हे वाचून जिवाला बरं वाटलं. माझं ठीक चाललंय. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुते, मुलांवर ओरडते. दुसरं काम जास्त जमतं.

सरांच्या माघारी तुम्ही त्यांचं पुस्तक काढताय, त्यासाठी अंड्यांच्या प्रयोगाची नोंदवही मागितलीत, त्याला महिना झाला. सापडत नाही असं कळवणार होते. पण वही माझ्याच कपाटात होती, कपड्यांच्या घडीखाली.

काकू, तो प्रयोग छापू नका.

दोन उबवणी पेट्या होत्या. प्रत्येकीत कोंबडीची चाळीस अंडी, ऊब सारखीच. फक्त एकीत सूक्ष्मलहरी सोडायच्या; त्या जिवाला घातक आहेत, असं सर सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. लहरींनी अंडी तापतात, म्हणून त्या पेटीचा पंखा बंद पडू द्यायचा नाही. ते काम माझं. बाराव्या दिवशी मी पंखा पुसायला बंद केला आणि तेवढ्यात आईला दवाखान्यात नेल्याचा फोन आला. मी तशीच धावले. चार तासांनी परत आले तर पेटीच्या तापमापीचा काटा अडतीसवरून चव्वेचाळीस अंशांवर. पंखा लावला आणि वहीत रोजचाच आकडा लिहिला. सर रागावले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी लिहिला.

एकविसाव्या दिवशी एका पेटीत नुसता चिवचिवाट. लहरींच्या पेटीतली चाळीसपैकी चौतीस अंडी गप्प. सरांनी ती एकेक करून फोडली. पिसं फुटायच्या आधीच थांबलेली पिल्लं. एक तळहातावर घेऊन ते कितीतरी वेळ बसले. डोळे पुसत म्हणाले, "बिचारी गं. पण आता तरी लोक ऐकतील."

पुढचं तुम्ही सोसलंत. दुसऱ्यांनी तोच प्रयोग केला, त्यांची पिल्लं धडधाकट निघाली. म्हाताऱ्यानं आकडे रचले, असं लोक तोंडावर बोलले. सरांनी स्वतः तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा पिल्लं बाहेर आली आणि सर प्रत्येक वेळी आणखी खचले. पिल्लं जगली म्हणून रडणारा माणूस मी पाहिलाय, काकू, आणि शेजारी उभी राहून त्यांना रुमाल दिलाय.

लहरी वाईट की निरुपद्रवी, मला माहीत नाही. सरांनाही कळलं नाही, ते माझ्यामुळे.

शेवटच्या आजारात मी आले, तेव्हा तुम्ही औषध आणायला गेला होतात. सर म्हणाले, "सगळं तपासलं. तुझे आकडे तेवढे तपासले नाहीत. तुझ्यावर डोळे झाकून विश्वास." मी म्हणाले, "सर, चहा निवतोय."

मी एवढंच म्हणाले.

वही सोबत पाठवते आहे. बाराव्या दिवसाच्या पानावर खरा आकडा लिहून खाली सही केली आहे. हे पत्रही पुस्तकात छापा, माझ्या नावानिशी. सरांनी काही रचलं नव्हतं, हे लोकांना कळू दे.

तुम्हाला लिहिताना शेवटी 'तुमची लेक' लिहायची हाताला सवय आहे. आज हात उचलत नाही.

सरांची सहायक