एका ढिगाचे तीन मालक

न्हाई तात्या, प्रेस गार पडलीय. तुमी तेच पहिलं इचारणार, म्हणून आधीच सांगून टाकते. हायवेच्या गाड्या मंचरात तशाच अडकत्यात, कांद्याच्या पिशव्या तशाच रस्त्यावर, फक्त आपल्या प्लायच्या शेडमधनं धूर येत न्हाई. शेडमधला तुमचा फोटो मी भिंतीकडं तोंड करून ठिवलाय. कामाच्या बायांना सांगितलंय, म्हातारा रुसलाय. का ठिवलाय ते शेवटी सांगते. सासरा असलात म्हणून काय झालं, जरा धीर धरा.

तुमचा लेक गेला तवा माझे भाऊ मला माघारी न्यायला आले व्हते. तुमी त्यांना च्या पाजला, वाटंला लावलं आन माझ्या हातात डिंकाचा ब्रश दिला. दुसऱ्या दिवशी मी डोईवरचा पदर सावरत प्रेसपाशी उभी ऱ्हाते, तर तुमी साऱ्या कामगारांपुढं वरडता, "पदर खोच आधी. लाजायचं मग." गावाला महिनाभर बोलायला तेवढंच व्हतं. मी पण तुमच्या चष्म्याच्या काडीला डिंक लावून उट्टं काढलं, आन तुमी तो कानाला चिकटलेला चष्मा घेऊन दिवसभर गप फिरलात. उन्हाळ्यात शेडमागच्या आंब्याचा पाडाचा पहिला आंबा तुमी माझ्या तळहातावर ठिवायचा. तुमच्या लेकाच्या जन्माला लावलेलं झाड ते. "ह्याला कुऱ्हाड लावायची न्हाई," एवढंच म्हणायचा.

आता धंदा तुमच्या येळचा ऱ्हायला न्हाई. चाकणकडचा एक फर्निचरवाला आपला निम्मा माल घेतो, आन त्याचा माल परदेशात जातो. त्यानं सांगितलं, लाकूड कुठल्या रानातलं, जंगल तोडून तर न्हाई ना आणलं, ह्याचं सर्टिफिकेट आणा, न्हाईतर माल बंद. त्याची फी, तपासायला येणाऱ्यांची गाडी, मुक्काम, आन दरसाल परत तेच. मोठ्या कारखान्याला जेवढा खर्च, जवळपास तेवढाच आपल्या एवढ्याशा शेडला. मी पाटल्या मोडल्या. त्याआधी म्हणलं, लाकूडच नको. बांबू करून बघितला, तर चिरायची मशीन येगळी, डिंक येगळा. उसाचं चिपाड मागितलं, तर साखर कारखाने तेच जाळून वीज करत्यात, सोडायला तयार न्हाईत. तरी थोडं मिळवून एक फळी दाबली. शेडभर काकवीचा वास, आन सकाळी फळीवर मुंग्याच मुंग्या. मी म्हणलं, कपाटासंगं मुंग्या फुकट. कुणी हसलं न्हाई तात्या. तवाच मला भ्या वाटलं.

आपलं लाकूड पेठंपासनं डिंभ्यापर्यंत शेतकऱ्यांच्या बांधावरचं. निलगिरी, सुबाभूळ. कुणाचं कुठलं, कोण ध्यानात ठिवतंय. पुण्याच्या तपासणीवाल्या मॅडम फोनवर म्हणल्या, निदान एक ढीग असा दाखवा की त्याचा मालक पक्का सांगता येईल, मग बाकीच्याला वर्षाची मुदत देऊ. तसा ढीग मी केला. शेडमधीच येगळा रचून ठिवला.

मॅडम आल्या त्या दिवशी आपले शेतकरी न बोलवता आले, बाईच्या, म्हंजी माझ्या मागं उभं ऱ्हायला. मॅडमनी ढिगावर हात ठिवून इचारलं, हे लाकूड कुणाचं? मी तोंड उघडायच्या आत पेठंचे शेतकरी भाऊ म्हणले, आमच्या बांधावरचं. डिंभ्याचे पावणं म्हणले, छ्या, आमचं, मी सोता तोडलंय. आन तिसरा आपला मेंढरवाला, ज्याच्या रानात बाभळीबिगर काय उगवत न्हाई, त्यो पण छाती काढून म्हणला, माझं. साक्षीदार जितके जास्ती तितकं बाईचं काम पक्कं, असं त्यांना वाटलं. मॅडमनी पेन खाली ठिवला आन माझ्याकडं बघितलं. आवाज लई मऊ व्हता.

"ताई, तुम्ही सांगा. खरं कुणाचं आहे?"

"गुणाचं लेकरू हाय मॅडम, सगळेच आपलं म्हणत्यात."

सारे हसले. मॅडम पण हसल्या, आन नापास करून गेल्या. चाकणवाल्याचा माल बंद झाला, उरलेल्या निम्म्यावर प्रेस चालवणं परवडंना. आपल्या बाया आता मंचरला कांदा निवडायला जात्यात. परवा एकजण भाकरी घेऊन आली, प्रेसच्या पत्र्यावर हात ठिवून बसली आन न जेवताच गेली.

हे पत्र कुठं टाकायचं न्हाई, ठावं हाय मला. तरी ढिगाचं सांगते. त्यो मागचा आंबा व्हता. परवानगी काढली, हळदकुंकू वाहिलं आन तोडाय लावला, कारण ज्याचं सारं आयुष्य मला तोंडपाठ हाय असं झाड तेवढंच व्हतं. "माझंच हाय, घरचं हाय," एवढं बोलले असते तर मुदत मिळाली असती. परवानगीचा कागद पिशवीत व्हता. पण भिंतीवरच्या फोटोतनं तुमी सरळ माझ्याकडं बघत व्हता, आन तुमच्यादेखत ते तोंडातनं निघंना. म्हणून मस्करी केली.

तुमच्या लेकाचा आंबा मी तोडला तात्या.