सेवा कुठं करू

३ नोव्हेंबर, सोमवार. बोरी अरब
आज स्टँडवर एका ऑटोवाल्याला मारलं. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच. सौ.च्या पायावरून चाक जाता जाता राहिलं आणि तो हसला. एवढंच. कानाखाली दिली, खाली बसला. उठायला लागला तेव्हा आणखी एक. कानातून रक्त आलं. लोक जमले, मध्ये कोणी पडलं नाही. एकजण हळूच म्हणाला, राठोड हवालदार हाये. नोकरी सुटून पाच महिने झाले हे कोणी म्हणालं नाही.
घरी सौ. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "मले लागलं नव्हतं. तुमालेच मारायचं होतं."
 

५ नोव्हें.
ज्योतीचा फोन. पोरगी यवतमाळला शाळेत शिकवते, माझ्याशी पण तसंच बोलते. आईनं सगळं सांगितलेलं.
"बा, घरी बसून तुम्ही एक दिवस कोणाचा जीव घेसान. कुठंतरी सेवेले लागा. पैसा नको. कामात माणूस राह्यला पाहिजे."
तिनं दोन जागा सांगितल्या. गावातलं वाचनालय, तिथं दुपारी बसायला कोणी नाही. आणि दारव्ह्याच्या वाटेवरच्या देवस्थानाचं अन्नछत्र. तिसरी मीच काढली. व्यसनमुक्ती केंद्र. तिथला संचालक दोनदा घरी येऊन गेलाय, हवालदारसाहेब या म्हणून.
 ती म्हणाली, "तिथं नका जाऊ."
काहून?
"तुमाले तिथं कायले बोलावतात ते तुमाले ठाऊक आहे, बा."
ठाऊक आहे.

८ नोव्हें., शनि.
वाचनालय झालं. दोन दिवस टिकलो. एक म्हातारा, रिटायर तलाठी, पेपरचं पान फाडून खिशात घालत होता. म्हटलं ठेवा ते. म्हणे तू कोण. कॉलर धरून भिंतीला टेकवला. माणसाला वजनच नव्हतं, पाय जमिनीवरून सुटले. चष्मा पडला. सोडलं तेव्हा तो जागेवरच बसून राहिला, पान हातात तसंच.
ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काका, उद्यापासून नका येऊ."

१० नोव्हें.
अन्नछत्र. भाजीची बादली हातात दिली. एकजण तिसऱ्यांदा ताट पुढं करून बसला. बस झालं, म्हणालो. मोठ्यानं पण नाही म्हणालो. त्यानं वर पाहिलं आणि अर्ध्या ताटावरून उठून गेला. शेजारचे दोघेही उठले.
आज कोणाला हात लावला नाही. नुसतं पाहिलं. मग पाहणं पण बंद करायचं का?
तिथल्या बाईंना सांगितलं, जमणार नाही. त्यांनी थांबा म्हटलं नाही.

१२ नोव्हें.
केंद्रात गेलो. ज्योतीला कळवलं नाही.
कापसाच्या जिनिंगचं जुनं गोदाम. लोखंडी जाळीचं दार, बाहेरून कुलूप. आत चाळीसेक माणसं, सगळ्यांचे केस एकसारखे कापलेले. संचालक गोड बोलतो. "साहेब, तुम्ही काहीच करू नका. खुर्ची टाकून बसा फक्त. वर्दी नसली तरी चाल वर्दीची आहे."
वॉर्डन गजू. आधी इथंच पेशंट होता, बरा झाला आणि राहिला. त्याच्या हातात पाण्याचा हिरवा पाईप, आत वाळू भरलेली. म्हणे याचे वळ उठत नाहीत. उठतात. दोन दिवसांनी उठतात, निळे. मी त्याला हे सांगितलं नाही.

१४ नोव्हें.
मी दारातून आत गेलो की हॉल गप्प होतो. खोकणारा पण तोंडावर हात धरतो.
बरं वाटलं. पाच महिन्यांनी कोणी माझ्यासमोर उठून उभं राहिलं.
एकाला आज गजूनं अंघोळीच्या हौदात मुंडकं धरून बुडवलं. प्रार्थनेत ओठ हलत नव्हते म्हणून. चार वेळा. पाय आपटत होता. मी खुर्चीवर होतो. बाहेर काढला तेव्हा तो ओकला आणि त्यानं पहिले माझ्याकडे पाहिलं, गजूकडे नाही.
सौ.नं विचारलं, कसं हाये तिथं? म्हटलं, शांत आहे.

१७ नोव्हें., सोम.
चहा घेऊन एक पेशंट आला. चाळिशीचा, बारीक. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. कप डाव्या हातानं दिला. म्हणाला, "ओळखलं नाही तुम्ही मले."
नाही.
"विलास. महागावच्या बाजूचा. विहिरीवरची मोटार चोरीले गेलती, तुम्ही आमाले दोघाले उचललं. बोटं टेबलावर ठेवाले लावली अन् वरून रूळ. तीन दिवस. चौथ्या दिवशी मोटार दुसऱ्याच्याच गोठ्यात भेटली."
आवाज चढवला नाही. वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. तो शिंपी होता. मशीन चालवता येते, कैची धरवत नाही. आता दारव्ह्याला राहतो, बायकोच्या माहेरी.
म्हटलं, म्हणून दारू?
"नाही सायेब. दारू मी माह्या मर्जीनं पेलो. ते तुमच्यावर नाही टाकत."
कप घेऊन गेला. मला त्याचा चेहरा आठवेना. कितीतरी वेळ प्रयत्न केला. एकही नाही आठवत, कोणाचाच. हात आठवतात.

१८ नोव्हें.
गेलो नाही. माळ्यावरची ट्रंक काढली, जुन्या डायऱ्या. महागावच्या पोस्टिंगची सापडली. त्या आठवड्यात एवढंच लिहिलंय: 'मोटार चोरी. संशयित दोघे आणले. विचारपूस केली. जेवायला वांग्याची भाजी, बरी होती.' दुसऱ्या दिवशी परत, 'विचारपूस केली.' तिसऱ्या दिवशी पण. मग मोटार मिळाली, सोडून दिले, नावं नाहीत.
सगळ्या डायऱ्या चाळल्या. 'विचारपूस केली' किती वेळा आहे ते मोजायला बसलो आणि थांबलो.

२० नोव्हें., गुरु.
हात सुजलाय, अक्षर वाकडं येतं. तरी आजच लिहितो. उद्या लिहिलं तर वेगळं लिहिलं जाईल.
सकाळी पाण्याचा टँकर आला तेव्हा विलास दारातून निसटला. गजू ओरडला. संचालक माझ्याकडे वळला, "साहेब, बघता का जरा."
आणि मी पळालो. अठ्ठावन्नचा माणूस, गुडघे गेलेले, तरी पळालो. कोणी पळालं की मागं पळायचं, दुसरं काही डोक्यात येतच नाही. रस्त्यापलीकडं कापसाचं शेत, वेचणी चाललेली. बाया बाजूला झाल्या. तो पऱ्हाटीत अडखळला. मी त्याच्या पाठीवर गुडघा ठेवला, हात मागं पिरगाळला. त्याच्या तोंडात माती गेली होती. वेचणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं, "काय केलं गा त्यानं?" 
मीच परत नेला. मीच. हे नीट लिहून ठेवतो.
हॉलमध्ये सगळ्यांना गोल बसवलं. गजूनं त्याला मध्ये पालथा घातला. दोघांनी पाय धरले. पाईप. पहिल्या पाचसहा फटक्यांना तो ओरडला, मग आवाज घशात राहायला लागला. पायजम्यातच लघवी झाली. एक फटका बरगडीवर चुकून बसला आणि जो आवाज आला तो मला ओळखता येतो. हाड.
मी उठलो. गजूच्या हातातून पाईप ओढून घेतला.
इथपर्यंत ठीक होतं. इथं थांबायला पाहिजे होतं.
गजूच्या मनगटावर मारला. मोडलं. तो वाकला तेव्हा मानेवर, पाठीवर. खाली पडला तेव्हा लाथ, पोटात, तोंडावर. दात फरशीवर पडले, दोन. पेशंटपैकी कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग बरेच जण. आणि मला बरं वाटलं. खोटं कायले लिहू, फार बरं वाटलं. अंगात नोकरी परत आल्यासारखं. गजू आई आई म्हणत होता आणि मी थांबत नव्हतो.
खालून विलास म्हणाला, "सायेब, पुरे."
वळून पाहिलं. त्यानं पडल्या पडल्या दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. गजूला मारत होतो, तरी डोकं त्यानं स्वतःचं झाकलं होतं. पाईप माझ्या हातात होता ना.
टाकून दिला. बाहेर आलो. मोटारसायकल चालू होईना, किल्ली लागत नव्हती.

२१ नोव्हें.
सौ.नं सदरा धुतला. पाणी दोनदा बदललं. तिसऱ्यांदा सदरा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "कोणाचं हाये?"
सगळं सांगितलं. मोटारीचं पण, बोटांचं पण. तीस वर्षांत घरी कधी सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मले वाटे तुम्ही चोराले मारता."

२४ नोव्हें.
संचालक घरी आला. मला वाटलं भांडायला आला. पेढे घेऊन आला.
"साहेब, झालं गेलं. गजू जिन्यावरून पडला असं सगळ्यांना सांगितलंय. दवाखान्यात आहे, होईल बरा. पण तुम्ही या. त्या दिवसापासून हॉलमध्ये एकाचीही मान वर होत नाही. गजूची जागा तुम्हीच सांभाळा आता."
म्हणजे मला काढलं नाही. बढती दिली.
सौ. आतून आली, पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात परत दिला आणि दार उघडून उभी राहिली. घरी आलेल्या माणसाशी ती असं कधी वागली नाही.

२६ नोव्हें., बुध.
विलासची बायको आली. सुनीता. शाळेत खिचडी शिजवते. दोन भावांना घेऊन गेली आणि त्याला केंद्रातून सोडवून आणला. दोन बरगड्या मोडल्यात. तक्रार द्यायची म्हणते, पण आतला कोणी साक्ष देत नाही. नातेवाईक घाबरतात, माणूस परत घरी आला तर कुठं ठेवू म्हणतात.
ओट्यावरच उभी राहून बोलली, बसली नाही. "तुम्ही पाह्यलं. अन् पकडून तुम्हीच आणलं. आता तुम्हीच सांगा तिथं."
म्हटलं, सांगितलं तर मी पण अडकतो.
"हो. अडकसान."

२८ नोव्हें.
पो.स्टे.ला गेलो. ड्युटीवरचा पोरगा माझ्या हाताखाली शिकलेला. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "काका, कायले पडता यात? पेन्शन चालू हाये. केंद्राचं लिहा पाहिजे तर, तुमचं कायले लिहिता?"
कागद मागून घेतला. स्वतः लिहिला. पाईप, हौद, कुलूप, विलास. कापसाच्या शेतातून मी पकडून आणला ते. गजूला किती मारलं, कुठं कुठं, तो पडल्यावर किती. मोटारचोरीचं शेवटी लिहिलं. ते त्यानं वाचलं आणि पेन खाली ठेवला. "काका, हे इथलं नाही. हे तिकडचं हाये, अन् जुनं." राहू दे म्हटलं. ठेवून घेतो म्हणाला. पुढं पाठवतो म्हणाला नाही.
विचारपूस हा शब्द कुठं वापरला नाही.

१ डिसेंबर, सोम.
केंद्राला कुलूप लागलेलं नाही. सहासात जणांना घरच्यांनी नेलं, बाकीचे आतच. चौकशी होईल म्हणतात. माझं काय होईल ते कोणी सांगत नाही. ज्योतीनं फोनवर एवढंच विचारलं, "गजूले पाहाले गेलते का?" गेलतो. जबडा बांधलेला आहे. मला पाहून त्यानं तोंड फिरवलं. त्याची आई पायाशी बसली होती, ती मला ओळखत नाही. बसा म्हणाली. बसलो नाही.
दुपारी दारव्ह्याला गेलो, विलासकडे. सुनीतानं नवीनच काढलं. दर बुधवारी त्याला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, दारूचं औषध तिथं सुरू केलंय. तिला शाळेतून सुट्टी नाही. भाऊ आता यायला तयार नाहीत. एकटा सोडला तर मधेच कुठंतरी उतरतो आणि पितो.
"तुमाले सेवा करायची होती म्हणते तुमची पोरगी. मंग बसा याच्या बाजूले. गाडी बोरीवरूनच जाते."
ज्योती हिला कधी भेटली कोणास ठाऊक.
मी विलासला विचारलं. तो खाटेवर टेकून होता, श्वास अर्धा घेत होता. 
"या म्हणत नाही मी. नका येऊ असं बी म्हणत नाही. तुम्ही बाजूले बसले तर मले झोप लागणार नाही, एवढं सांगतो."


२ डिसें.
दिवसभर ठरत नाही. जाऊ नये असं वाटतं, त्याच्यासाठीच. मग वाटतं हे सोयीचं आहे, माझ्यासाठीच. सौ.ला विचारलं. म्हणाली, "मले नका विचारू. मी त्याची बोटं पाह्यली नाहीत."

३ डिसें., बुधवार, सकाळी
अंघोळ झाली. आधी खाकी पँट घातली होती, जुनी, घरी वापरायची. बदलली.
एक गोष्ट सुटत नाही. समजा मी बाजूला बसलो. समजा मधल्या एखाद्या स्टॉपवर तो उठला, उतरायला निघाला. मी काय करायचं? सोडला तर तो पिणार. धरला तर कसा धरायचा? माणसाला न दुखवता धरतात कसं, ते मला येत नाही. नुसतं 'बस' म्हटलं तरी तो बसेल, आणि ते बसणं कशाचं असेल ते मला माहीत आहे.
सौ. म्हणते, गाडीचा टाइम झाला.